आसाजवळचं वजन

मागच्या सीटवर बायको नाही, हे त्याला कळलं ते वर्कशॉपच्या दारात मोटरसायकल उभी करताना. तोवर तो तिच्याशी चार किलोमीटर बोलला होता. दातांच्या डॉक्टरने आणून टाकलेल्या फ्लायव्हीलबद्दल बोलला होता, माणसांना हल्ली सगळंच कसं हलकं हवं असतं त्याबद्दल बोलला होता, पूल चढताना "तुला काय वाटतं?" असं विचारलंही होतं, आणि तिचं "हं" ऐकून समाधानाने पुढचा मुद्दा काढला होता. आता इंजिन बंद करून, हेल्मेट काढून, "उतर" म्हणत तो वळला तर मागे सीट. नुसती सीट. मधोमध शिवण उसवलेली, काळी, उन्हात जराशी चकाकणारी. त्याने खाली पाहिलं. मग, हे कोणाला सांगायची सोय नाही, पण त्याने मोटरसायकलच्या पलीकडच्या बाजूलाही वाकून पाहिलं. जशी काही अठ्ठावन्न किलोची बाई वॉशरसारखी घरंगळून तिथे कुठे पडली असेल.

गल्लीत त्याला मायक्रॉन म्हणतात. मिलिमीटरचे हजार तुकडे केले की त्यातला एक तो मायक्रॉन, आणि हा गृहस्थ त्यातल्या दहा-बारांवरून लोकांशी हुज्जत घालतो, म्हणून हे नाव. वय एकसष्ट. त्यातली चाळीस वर्षं लेथसमोर, पोलाद फिरवत सोलणाऱ्या यंत्रासमोर, उभ्याने गेलेली. फिरून गुळगुळीत झालेल्या शाफ्टवर अंगठा टेकवून "दोन पॉइंट जास्त आहे" म्हणायचं, आणि मग समोरच्याने मापायचं आणि गप्प बसायचं, हा त्याचा जुना खेळ. अशा माणसाच्या पाठीमागून अठ्ठावन्न किलो उतरले आणि त्याला पत्ता नाही! गाडीने सांगितलं नाही, मागच्या स्प्रिंगांनी सांगितलं नाही, स्वतःच्या पाठीने सांगितलं नाही. बरं, ते "हं"? ते कोण म्हणत होतं पुलावर?  त्याने फोन लावला.

सहाव्या रिंगला तिने उचलला. "अगं, आहेस कुठे तू?" "बसमध्ये," ती म्हणाली. "खिडकी मिळालीय." "बसमध्ये? अगं पण..." "सिग्नलला सांगितलं नाही का तुम्हाला, कोटाची बटणं घेऊन येते, पुढे कडेला दोन मिनिटं थांबा म्हणून? तुम्ही हं म्हणालात. मी उतरले. सिग्नल सुटला, तुम्हीही सुटलात. हाका मारल्या मी दोन. बटणवाला पण ओरडला बिचारा, त्याचं काय जात होतं!" आणि ती हसली. रागावली असती तर परवडलं असतं. तिचा राग त्याच्या ओळखीचा होता, किती वेळ तापतो, कधी निवतो, सगळं पाठ होतं. हे हसणं मोकळं होतं आणि त्यात त्याच्यासाठी काही राखून ठेवलेलं नव्हतं. "थांब, मी वळून येतो. कुठला स्टॉप आलाय?" "कशाला? पोचलेच मी. आणि अहो, एक सांगू का? बस बरी आहे. मला वाटलं नव्हतं एवढी बरी असेल. माणूस चढतो, नीट बसतो, आणि कंडक्टरने दोनदा घंटी मारल्याशिवाय ड्रायव्हर जागचा हलत नाही. मी उद्यापासून पासच काढते." "पास?" "महिन्याचा. तेवढंच तुमच्या गाडीवरचं ओझं कमी." "अगं, मी कधी ओझं म्हटलं का तुला?" "नाही हो," ती म्हणाली, "तुम्ही काहीच नाही म्हटलं." मागून कोणीतरी तिला सरकायला सांगत होतं. तिने फोन ठेवला.

वर्कशॉपचं पत्र्याचं दार वाऱ्याने मिटू नये म्हणून त्याला खाली एक जुनं चाक लावायची पद्धत होती. ते चाक पायाने सरकवताना रोजच्यासारखा अंगठा ठेचला, रोजच्यासारखी शिवी आली, पण ती अर्धवट राहिली. छत्तीस वर्षं. ही मोटरसायकल त्यांच्या लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात घेतलेली, तेव्हाही जुनीच, आणि तेव्हापासून ती मागे बसत आली होती. तो वर्कशॉपला, ती दोन गल्ल्या पलीकडे कपडे दुरुस्तीच्या दुकानात. लोकांचे सैल कपडे आवळायचे आणि आवळ झालेले सैल करायचे, हे तिचं काम. सकाळी बरोबर यायचं, संध्याकाळी बरोबर जायचं. मुलगी झाली तेव्हा ती मध्ये आली, मोठी झाली तशी मधून उतरली, नोकरीला लांब गेली, आणि मागे पुन्हा ही एकटी. छत्तीस वर्षांत किती फेऱ्या झाल्या असतील? त्याने मनातल्या मनात गुणाकार करायला घेतला आणि सोडून दिला. आकडा कितीही आला तरी उद्यापासून त्यात भर पडणार नव्हती. पास काढते म्हणाली. तिने काढते म्हटलं की काढलाच समजायचा. 

टेबलावर डॉक्टरचं फ्लायव्हील पडलेलं होतं. पोलादाचं, ताटापेक्षा थोडं मोठं, कडेला जाड आणि मध्ये पातळ, अगदी मधोमध पुन्हा जाड, जिथून ते इंजिनच्या आसावर बसतं. एका सिलिंडरच्या जुन्या इंजिनाचं. असं इंजिन एक दणका देतं आणि मग पुढच्या दणक्यापर्यंत नुसतं चालत राहायचं असतं, ते चालवत ठेवतं हे चाक. आठ किलो चारशे ग्रॅम. डॉक्टरला त्यातले दीड किलो उतरवून हवे होते. रविवारी जुन्या गाड्यांची घाट चढण्याची शर्यत होती, आणि मूठ पिळली की गाडी उसळली पाहिजे, आत्तासारखी "हो, निघते, जरा पदर सावरू दे" असं करता कामा नये, हे त्याचं म्हणणं. चाकावर त्याने खडूने खुणाही करून ठेवल्या होत्या. मधल्या जाड भागाभोवती सहा गोल. इथे भोकं पाडा. या बनावटीचं दुसरं चाक आता कुठे मिळत नाही, हेही त्याने तीनदा सांगितलं होतं. "काका, हे बिघडलं तर गाडी म्हणजे नुसतं शोपीस." मायक्रॉनने तेव्हा छाती पुढे काढून "माझ्यावर सोडा" म्हटलं होतं. आता त्याने स्वतःची बोटं डोळ्यांसमोर धरली. टोकं चकचकीत झालेली, रेषा पुसलेल्या. सोडा म्हणे माझ्यावर. बायको सुटली ते कळलं नाही.

चाक आर्बरवर, मधल्या भोकातून जाणाऱ्या दांड्यावर, चढवलं, आर्बर लेथमध्ये धरला, वाकडेपणा दाखवणाऱ्या डायलची सुई कडेला टेकवली आणि हाताने हळूहळू फिरवायला लागला. सुई थोडी पुढे, थोडी मागे. हे काम त्याला आवडायचं. यात घाई चालत नाही आणि बोलावंही लागत नाही. सुई हलायची थांबेपर्यंत इकडे टिचकी मार, तिकडे टिचकी मार. टिचकी. त्याचा हात थांबला. खांदा. उजवा खांदा. त्याला काहीतरी आठवत होतं आणि ते डोक्यात आठवत नव्हतं, खांद्याला आठवत होतं. लग्नानंतर गाडी घेतली त्या पहिल्याच आठवड्यात, ती नीट बसायच्या आधीच त्याने क्लच सोडला होता आणि ती रस्त्यावर बसली होती, हातात अंड्यांची पिशवी. अंडी गेली, साडी गेली, आणि समोरच्या बाकावरचे चार म्हातारे पोट धरून हसले. ती मात्र उठून, हात झटकून, शांतपणे म्हणाली होती, "तुम्हाला कळायला काय लागतं, ते एकदा ठरवून टाकू." मग त्यानेच ठरवलं. बसलीस की उजव्या खांद्यावर दोनदा थोपट, त्याशिवाय निघणार नाही. शपथेवर. आणि तसंच चाललं. बसली, दोनदा थोपटलं, निघाले. थंडीत जाड जाकिटावरून ते दबकं यायचं, उन्हाळ्यात पातळ शर्टावरून तिच्या बोटातली अंगठीसुद्धा लागायची. भांडण झालेलं असलं तर एकदाच थोपटायची आणि दुसऱ्यासाठी त्याला तसंच ताटकळत ठेवायची. मुलगी मध्ये बसायला लागली तर तीही आपल्या इवल्या हाताने पाठीवर दोनदा मारायची, आईच्या आधी, आणि मग मागून आईचं यायचं. चार थोपटण्या झाल्या की गाडी हलायची. हे कधी थांबलं?

आज सकाळी घरून निघताना तिने थोपटलं होतं का? नाही. काल? नाही. मागच्या महिन्यात तिच्या बहिणीकडे गेलो तेव्हा? त्याने आठवून पाहिलं. जिना, कुलूप, तिच्या हातातला डबा, गाडी, किक, आणि मग रस्ता. किक आणि रस्ता यांच्यामध्ये काही नव्हतं. तो मागे मागे जात राहिला, मुलीच्या लग्नापर्यंत गेला, तिथे थोडं धुकं होतं, त्याच्या मागे मात्र खांद्यावर लख्ख अंगठी लागत होती. म्हणजे मध्येच कुठेतरी. पण बंद झालं तो दिवस त्याला सापडेना. जी गोष्ट झाली तिचा दिवस असतो, जी व्हायची थांबली तिचा कुठून आणायचा?

बारा वाजता डॉक्टर आला. पन्नाशीचा, गोरागोमटा, दवाखान्याच्या पांढऱ्या बुटांतच आलेला, चाकाकडे असा बघत की जणू आत पेशंट झोपलाय. "काका, अजून हात नाही लावला?" "लावतो. आधी हे सांगा, ही खडूच्या टिकल्यांची नक्षी कोणाची?" "माझीच. मधोमध भोकं पाडली की कडेला धक्का लागत नाही, तोल बिघडत नाही, दीड किलो आरामात निघतो. मी हिशेब केलाय."  मायक्रॉनने फळीवरून एक हातभर लांब सळई काढली, सळईत ओवलेले दोन मोठे नट दोन्ही बाजूंनी मधोमध आणले, स्क्रूने आवळले आणि सळई डॉक्टरच्या हातात दिली. "मध्ये धरा. आता मनगटाने उलटसुलट फिरवा. भराभर." डॉक्टरने फिरवली. "सोपं आहे." "आता द्या इकडे." त्याने नट सैल करून दोन्ही टोकांना नेले, पुन्हा आवळले. "आता फिरवा." डॉक्टरने फिरवली आणि त्याचं मनगट अर्ध्यातच अडखळलं. सळई सुरू व्हायला तयार नव्हती आणि सुरू झाली तर थांबायला तयार नव्हती. "अरेच्चा! वजन तर तेवढंच आहे!" "वजन तेवढंच. जडपणा कडेला असतो. मधलं काढलंत तर काट्यावर दीड किलो कमी दिसेल आणि गाडी पदर सावरतच राहील." डॉक्टर सळई फिरवत राहिला, मुलाला भिरभिरं मिळाल्यासारखा. "म्हणजे दुखतोय एक आणि मी काढणार होतो शेजारचा!" "तुम्हाला सवय असेल," मायक्रॉन म्हणाला, आणि दोघंही मनापासून हसले. डॉक्टरने जाताना पांढऱ्या रुमालाने स्वतःच्या हाताने खडू पुसला.

ती सळई त्याची नव्हती. थोरल्या मिस्त्रींची होती. ज्यांच्या हाताखाली तो हे काम शिकला, ते थोरले मिस्त्री, तोंडात कायम लवंग आणि बोलणं लवंगेएवढंच. लेथवर हात बसला असं वाटायला लागलं तेव्हा मिस्त्रींनी स्वतःच्या गाडीचं फ्लायव्हील त्याच्यापुढे टाकलं होतं. "सातशे ग्रॅम काढ." बस्स. कुठून, ते सांगितलं नाही, आणि विचारणं याच्या शहाणपणाला शोभलं नाही. त्याने तेच केलं जे आज डॉक्टर करणार होता. कडेला हात लावायची भीती वाटली. कडेचं थोडं जरी कमीजास्त झालं तर लगेच कळतं, चाक थरथरतं. मधलं कितीही कोरा, चाक बोंबलत नाही. म्हणून त्याने मधून कोरलं, छान गोलाईने, आरशासारखं, आणि काट्यावर ठेवलं तर सातशे ग्रॅम, एक इकडे नाही एक तिकडे नाही. मिस्त्रींनी चाक बसवलं, गाडी घेऊन एक चक्कर मारून आले, उतरले, लवंग या गालातून त्या गालात नेली आणि म्हणाले, "वजन उतरलं. जडपणा नाही उतरला." मग ही सळई करून त्याच्या हातात दिली आणि दिवसभर फिरवायला लावली. संध्याकाळी मनगट सुजलं तेव्हा जवळ येऊन एवढंच म्हणाले, "आणि जिथून काढलंस ना, तिथूनच ते चाक आसाला धरून असतं. फिरताना त्या वजनाचा पत्ता लागत नाही, म्हणून ते फुकट नसतं." महिनाभरात मधल्या भागात केसाएवढी चीर आली. मिस्त्रींनी चाक उतरवलं, त्याला शिवी दिली नाही, आणि ते दाराला लावायला दिलं. मिस्त्री गेले, वर्कशॉप याच्याकडे आलं, दार तेच आणि दाराचं चाकही तेच. गेली पस्तीस वर्षं तो त्यावर रोज अंगठा ठेचून घेत होता, आणि तरी!

त्याने लेथ सुरू केला. टूल कडेला लावलं, बाहेरच्या बाजूने, आणि पहिला कट घेतला. पोलादाचा कीस निघायला लागला, निळसर, लांब, वळ्यावळ्यांचा. तो बघता बघता त्याच्या मनातल्या वळ्याही सुटायला लागल्या. अठ्ठावन्न किलो उतरले ते गाडीला का कळलं नाही? ती अगदी त्याला चिकटून बसते म्हणून. वळणावर तो झुकला की ती झुकते, त्याच्याआधी नाही, त्याच्यानंतर नाही. ब्रेक लागला की तिचा भार त्याच्या पाठीवर येतो तोही असा, की आपलीच पाठ आपल्यावर आल्यासारखा. दुसरं कोणी मागे बसलं, मेहुणा बसतो कधीतरी, तर गाडी प्रत्येक वळणावर तक्रार करते, हँडल जड होतं. तिच्या बाबतीत कधीच नाही. भोवऱ्याला खालची आर किती वजनाची ते कधी जाणवतं का? तो आरेवर फिरत असतो, एवढंच. हा विचार आला तेव्हा त्याला बरं वाटलं, आपली बोटं आणि पाठ अगदीच मेलेली नाहीत म्हणून. आणि पाठोपाठ दुसरा विचार आला तो मात्र बरा नव्हता. जाणवत नाही म्हणूनच आपण तिथून काढत राहिलो. आधी रविवार काढला, कामं अडलीयत म्हणून. काही थरथरलं नाही. मग संध्याकाळचा चहा काढला, दोघांचा म्हणून जो असायचा तो. काही थरथरलं नाही. मग बोलणं काढलं आणि तिथे "हं" बसवलं. तिच्या "हं"ची इतकी सवय झाली की ती नसतानाही ऐकू येतं, आणि आपल्या "हं"वर ती भर रस्त्यात उतरते. गिऱ्हाइकाला कडेचं कमी पडलं की लगेच बोंब, तिथे कधी हात लावला नाही. मधलं सोपं होतं. मधलं काढलं. लाज वाटली त्याला. एकट्याने लेथपुढे उभं राहून कान तापण्याइतकी लाज वाटली, आणि ती त्याने येऊ दिली, कट मात्र सोडला नाही.

एकदा ती वर्कशॉपमध्ये आली होती, जेवणाचा डबा विसरला होता म्हणून. कीस बघत उभी राहिली आणि म्हणाली, "मी पण कापतेच की दिवसभर. पण आम्ही शिवणीच्या आत माया ठेवतो. दोन बोटं कापड जास्तीचं, दुमडून. उद्या माणूस सुटला तर उसवून सैल करता येतं. तुमचं कापलं ते गेलं." तेव्हा तो "हं" म्हणाला होता.

चार वाजेपर्यंत कडेचे चौदाशे सत्तर ग्रॅम उतरले. उरलेले तीस त्याने मुद्दाम ठेवले होते, तोलासाठी. दोन सरळ धारदार पट्ट्या टेबलावर समांतर लावून, त्यावर आर्बरची दोन टोकं ठेवून त्याने चाक मोकळं सोडलं. चाक आपसूक फिरलं आणि डुलत डुलत एका जागी थांबलं, जड बाजू खाली. तिथे खूण, तिथून दोन ग्रॅम, पुन्हा सोड. आता दुसरीकडे थांबलं. तिथून एक ग्रॅम. असं तास-दीड तास. शेवटी एकदा त्याने ते पावपाव फेरा देऊन सोडून पाहिलं, आणि जिथे सोडावं तिथे चाक राहायला लागलं. कुठेही ठेवा, तिथेच. घरंगळत नव्हतं, कुरकुरत नव्हतं. त्याने डोळे मिटून कडेवरून अंगठा फिरवला आणि एका जागी थांबला. इथे. अगदी बारीक धार राहिलीय. डोळे उघडून भिंगातून पाहिलं. होती. त्याला इतका आनंद झाला की तो रिकाम्या वर्कशॉपमध्ये मोठ्यांदा म्हणाला, "आहे अजून!" मधला जाड भाग त्याने फक्त फडक्याने पुसला, तेलाचं बोट फिरवलं, आणि तसाच राहू दिला.

रोज साडेपाचला ती वर्कशॉपवर येते. पावणेसहा झाले तरी आली नाही. त्याने दाराचं चाक पायाने आत सरकवलं, आज जपून, अंगठा वाचला, कुलूप घातलं आणि गाडी घेऊन तिच्या दुकानाच्या पुढच्या बसस्टॉपवर गेला. ती रांगेत उभी होती, खांद्याला पिशवी, पुढे एक छत्रीवाला गृहस्थ आणि मागे दोन शाळकरी मुली. त्याला बघून तिच्या भुवया वर गेल्या. पर्समधून तिने एक चकचकीत कार्ड काढून हवेत धरलं. "हा बघा, काढला. जेवायच्या सुट्टीत. फोटो बरा आलाय." गाडी तशीच चालू ठेवून त्याने हेल्मेट काढलं.  "छान आलाय," तो म्हणाला. आणि मग, "केव्हा बंद केलंस?" "काय?" त्याने आपल्या उजव्या खांद्याला हात लावला.

तिने कार्ड परत पर्समध्ये ठेवलं. रांगेतल्या मुली बघायला लागल्या. "झाली की सात वर्षं," ती म्हणाली. "पोरीच्या लग्नानंतरच्या हिवाळ्यात. मी हात उचलायच्या आधीच तुम्ही निघायचात. चार दिवस हवेतच थोपटलं मी. मग म्हटलं, उगाच कशाला." "मग बोलली का नाहीस?" "थोपटत होते ते काय होतं मग? बोलणंच होतं की." त्याने मान खाली घातली. छत्रीवाला गृहस्थ लांबच्या बसकडे बघायचं नाटक करत होता. "चुकलं माझं," तो म्हणाला. छत्तीस वर्षांत हे दोन शब्द त्याने या क्रमाने किती वेळा म्हटले असतील ते बोटांवर मोजता आलं असतं, आणि बोटं उरली असती. "आजच्या दिवस मागे बस. उद्याचं उद्या." "आणि पासचं काय?" "राहू दे ना. माया म्हणून ठेव." ती त्याच्याकडे बघत राहिली. मग पिशवी सावरली, रांगेतून बाहेर आली आणि मागच्या मुलींना म्हणाली, "सरका ग पुढे, खिडकी मिळेल."

ती बसली. सीट किंचित दबली असावी, त्याला नक्की सांगता आलं नसतं. त्याने हेल्मेट घातलं, गिअर टाकला आणि क्लच धरून तसाच थांबला. त्याच्या गाडीचं जड चाक आत संथ फिरत होतं, धड धड, धड धड, बंद पडायचं नाव नाही. एक मिनिट गेलं असेल. "अहो, निघा की," ती म्हणाली. तो हलला नाही. "काय झालं? अडकलं काही?" "नाही." मागून बस आली आणि स्टॉपवर शिरायला जागा नाही म्हणून तिने हॉर्न दिला. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. "ओ काका, झोपलात का?" छत्रीवाला हसला. मायक्रॉनच्या मानेवरून घाम शर्टात उतरला. बसने पुन्हा हॉर्न दिला, या वेळी लांबलचक, आणि त्याने क्लच आणखी घट्ट धरला. न थोपटताच ती उतरून त्या बसमध्ये चढली असती तर त्याला कळलं नसतं, हे त्याला माहीत होतं. म्हणून तो सगळ्या अंगाने त्या एका जागी, उजव्या खांद्यावर, वाट बघत होता.

मग हात आला. एकदा. थोडं थांबून, पुन्हा एकदा, आणि हे दुसरं चांगलंच जोरात, अंगठीसकट. गाडी निघाली. सकाळच्या त्या सिग्नलला लाल दिवा लागला, मग हिरवा झाला, मागचे सगळे ओरडायला लागले, बटणवाला दुकानातून बाहेर येऊन बघायला लागला, आणि तो तिथेही तिचा हात येईपर्यंत थांबला. घरी पोचायला रोजच्यापेक्षा अकरा मिनिटं जास्त लागली.